परतीची हवा

मी यंत्रावर लेख लिहिणार हे कळताच आमच्या वर्गात हशा पिकला. "कविता संपल्या वाटतं!" असेही कुणीतरी म्हणाले. खरे सांगायचे तर यंत्रांचे मला प्रेम नाही. घरातला मिक्सर अडला तरी मी आईलाच हाक मारते. पण गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत एका यंत्राने मला जो धडा दिला, तो कुठल्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. ते यंत्र म्हणजे पाणबुड्याची स्कूटर.

आमचे घर मालवणचे. माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, पर्यटकांना समुद्राखालचे खडक आणि मासे दाखवायला नेतो. दोन हंगामांची बचत घालून त्याने एक जुनी स्कूटर विकत घेतली. स्कूटर म्हटल्यावर मी साहजिकच चाके शोधू लागले! समोर आले ते दुधाच्या कॅनसारखे एक लांबट नळकांडे. एका टोकाला निमुळते नाक, दुसऱ्या टोकाला गोल कड्याच्या आत बसवलेला पंखा, पोटात बॅटरी आणि मोटर. एवढाच तिचा संसार.

या स्कूटरवर कुणी बसत नाही. ती पुढे जाते आणि माणूस तिच्या मागून तरंगत जातो. दोन्ही हातांनी तिला घट्ट धरून ठेवावे लागत असणार, अशी माझी समजूत. दादा हसला. तिच्या मुठीपासून एक दोरी निघते. दोरीच्या टोकाचा आकडा पाणबुड्याच्या दोन पायांमधून घेतलेल्या पट्ट्याच्या कडीत अडकतो. सगळी ओढ त्या पट्ट्यावर पडते. हाताने फक्त दिशा दाखवायची आणि बोटाने खटका दाबायचा. बोट उचलले की पंखा थांबलाच पाहिजे. वेग वाढवण्याच्या सोयीपेक्षा थांबण्याची ही सोय मोठी, असे दादा म्हणतो. दिवा, होकायंत्र, कॅमेऱ्याची बैठक हे अलंकार नंतरचे; आणि तेही असे बांधायचे की एकही पट्टा किंवा नळी लोंबकळत पंख्याकडे जाणार नाही.

समुद्रात नेण्याआधी आम्ही ती घरच्या विहिरीत उतरवली, तर ती हळूहळू बुडू लागली. "बिघडली!" म्हणून मी ओरडले. पण ती बिघडलेली नव्हती. तिला तोलले होते खाऱ्या पाण्यासाठी. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम जड. स्कूटरने २० लिटर जागा व्यापली, तर विहिरीत तिचे वजन अर्धा किलो जास्त भरणार. समुद्रात मात्र ती ना वर ना खाली, सोडली तिथे अधांतरी राहिली. चांगल्या सोबतीसारखी, ओझेही नाही आणि ओढाताणही नाही.

वेगाचे गणितही मला तिथेच उमगले. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. त्यातून दुप्पट वेगाने जायचे तर मोटरला जवळजवळ आठपट ताकद लावावी लागते. म्हणून त्याच बॅटरीवर सावकाश जाणारा फार लांब जातो. ससा-कासवाच्या गोष्टीला पदार्थविज्ञानाचाही आधार आहे म्हणायचा!

या यंत्राचे पूर्वज मात्र युद्धातले. इटलीच्या नौदलातल्या तेसेई आणि तोस्की या अभियंत्यांनी माणसाने स्वार होऊन न्यायचा सावकाश टॉर्पेडो बनवला. त्याचे लाडके नाव होते 'डुक्कर'. डिसेंबर १९४१ मध्ये अशी तीन 'डुकरे' घेऊन सहा माणसे अलेक्झांड्रिया बंदरात शिरली आणि दोन ब्रिटिश युद्धनौका त्यांनी तळाला टेकवल्या. तीच जात पुढे शांततेच्या कामी आली. २००७ साली फ्लोरिडात दोन पाणबुड्यांनी पाण्याने भरलेल्या गुहांतून स्कूटरच्या बळावर सुमारे ११ किलोमीटरचा प्रवास केला. डोक्यावर खडकाचे छत असताना स्कूटर बंद पडली तर काय, हा विचार तिथे निघण्याआधीच करावा लागतो.

दादाचा नियमही तोच. "जाताना येवच्या हवेचो हिशोब धरूचो गो बाय. स्कूटर नेता, पण हाडीतच असा नाय." म्हणजे स्कूटर बंद पडली तरी पायांनी पोहत परतता येईल, एवढी हवा टाकीत असतानाच मागे वळायचे. मला ही अतिसावधगिरी वाटली होती.

एका संध्याकाळी बॅटरी भरून झाल्यावर झाकण लावायचे काम मी हौसेने मागून घेतले. झाकणाखाली एक रबरी कडी असते. ती काढून पुसायची, तिच्यावरून बोट फिरवायचे, ग्रीसचा पातळ हात द्यायचा आणि मग झाकण दाबायचे. मी नुकतीच न्हाऊन आले होते; केस मोकळे होते. पुसले, ग्रीस लावले. बोट फिरवायचे मात्र राहिले.

दुसऱ्या दिवशी दादा आणि त्याचा जोडीदार पाण्यात उतरले. मी होडीत होते. ठरलेली वेळ उलटली. पाच मिनिटे, दहा मिनिटे. होडीवाला काका काही न बोलता पाण्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. किल्ला, आकाश, लाटा सगळे रोजच्यासारखेच होते, याचाच मला राग आला. शेवटी लांबवर बुडबुडे दिसले, मग दोन डोकी. दोघांचे हात रिकामे होते.

"मशीन खाली सोडलंय. आमी इलंव, बस झाला," दादा एवढेच म्हणाला.

दहा मीटर खोलीवर स्कूटरचे नाक जड होऊ लागले आणि मोटर बंद पडली. कवचात पाणी शिरले होते. दादाने आकडा सोडला, ती वाळूत ठेवली आणि दोघे पाय मारत, घाई न करता परतले. घाबरून एकदम वर येणे हे तर आणखी वाईट. तेवढ्या खोलीवरून येताना छातीतली हवा फुगून दुप्पट होते.

दुसऱ्या दिवशी दोरीने ती वर काढली. झाकण उघडताच खारे पाणी भळभळा वाहिले. मोटर गेली, बॅटरी गेली. दादाने रबरी कडी उजेडात धरली. तिला एक लांब काळा केस चिकटला होता.

"ह्यो केस तुझो मां गो?"

मी मान हलवली. तो पुढे काहीच बोलला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

तेव्हापासून मला वाटते, की आपण सारे कुठल्या ना कुठल्या ओढीला आकडा अडकवून निघालेले असतो. परीक्षा, नोकरी, शहर, माणसे. ओढ लागली की आपले पायच खूप लांब घेऊन आले असे वाटू लागते. पण परतीची हवा शिल्लक आहे का आणि आकडा सोडता येतो का, हे निघतानाच पाहायला हवे. मुख्य म्हणजे, आपल्या हातून राहिलेल्या एका केसाची किंमत पाण्याखाली दुसराच कुणीतरी मोजत असतो.

मे महिन्यात दादाने नवी मोटर बसवली. मी ओसरीत दूरच उभी होते. त्याने झाकण आणि रबरी कडी माझ्यापुढे केली.

"आता तूच लाय."

मी आधी केस बांधले.