आजोबांची 'राजपूत'

आमच्या माजघरात एका युद्धनौकेचे छायाचित्र आहे. आजोबा तिच्यावर खलाशी होते. लहानपणी मी विचारी, "आजोबा, ती 'गाझी' तुम्हीच बुडवलीत ना?" ते नुसते आढ्याकडे पाहत.

पुढे वाचनातून नौकेची हकीकत कळली. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे जॉन ब्राउन कंपनीने १९४२ साली ही विनाशिका बांधली, नाव 'रॉदरहॅम'. ४.७ इंची चार तोफा, पाणतीर सोडणाऱ्या आठ नळ्या. जुन्या विनाशिकांत अधिकाऱ्यांच्या खोल्या पार पिछाडीला असत. वादळात तिथून ब्रिज गाठणे जिवावरचे काम. हिच्या वर्गात त्या मध्यभागी आणल्या. १९४९ साली ती भारताकडे आली आणि 'राजपूत' झाली.

डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमबाहेर तिने पाणबुडीच्या संशयाने डेप्थ चार्ज टाकले. पाकिस्तानी 'गाझी' तिथेच बुडाली. श्रेय 'राजपूत'ला मिळाले. पाकिस्तानने मात्र अपघाती स्फोटाचे कारण सांगितले. १९७६ साली 'राजपूत' निवृत्त झाली.

अखेरच्या आजारपणात आजोबा एकदाच बोलले, "अरे, तिच्यातही कुणाची तरी पोरं होती." विजयाच्या तारखा घडाघडा म्हणणारा मी त्या दिवशी गप्प झालो.