काठावरचा पीएच

माझी भाची एका औषध कारखान्याच्या क्यूसीत लागली आहे. सहा महिन्यांचे प्रोबेशन. आपाच्या घरात नियमित येणारा पगार तिचा एकटीचाच. त्यामुळे मागच्या शनिवारी ती माझ्यासमोर रडायला लागली तेव्हा मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला.

"मामू, साहेब म्हणतात तुझा हात नीट नाही. आयबुप्रोफेनचं पीक रोज जागा बदलतं."

मी उर्दू-मराठीचा मास्तर, मला यातले काय कळणार? पण अडलेल्या पोराला फळ्यापाशी उभे करून त्यालाच शिकवायला लावायचे, एवढे बी.एड.ने दिले आहे. म्हटले, मला शिकव.

तिने वही उघडली. आयबुप्रोफेन हे आम्ल. त्याचा पीकेए साधारण ४.४. त्या पीएचला त्याचे निम्मे रेणू विद्युतभारित असतात, निम्मे नसतात. भार असलेले सी-१८ कॉलममध्ये थांबत नाहीत, लवकर बाहेर पडतात. बिनभाराचे रेंगाळतात. आणि यांचा अ‍ॅसिटेट बफर होता ४.५ चा! म्हणजे पस्तीस मार्कांवर बसलेला पोरगा. एक मार्क इकडेतिकडे झाला की निकाल फिरला. पीएच मीटर ०.१ ने चुकला तरी पीक सरकणारच. यात हात कुठे आला?

बिचाऱ्या अ‍ॅसिटेटचाही दोष नव्हता. त्याचा पीकेए ४.७६, आजूबाजूच्या एकेक अंकात तो चांगली राखण करतो. राखणदार बरा होता, जागा चुकीची होती. औषधाच्या पीकेएपासून दोन अंक तरी दूर जायचे, मग त्या नव्या पीएचला सांभाळील असा बफर शोधायचा. २.५ घेतला तर फॉस्फेट, कारण त्याचा पहिला पीकेए २.१ च्या आसपास. दोनच्या खाली मात्र जायचे नाही, सिलिकाचा कॉलम खराब होतो. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर असता तर फॉस्फेट बाद, ते उडून जात नाही. तिथे फॉर्मेट लागते. आणि पीएच मोजायचा तो अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळण्याआधी, पाण्यातच.

"मग हे साहेबांना सांग की."

ती गप्प. मग खरे बाहेर आले. शुक्रवारी तिने साहेबांना न विचारता फॉस्फेट लावून पाहिले होते. पीक चार वेळा एकाच जागी आले. आनंदात, घरी जायच्या घाईत, तिने कॉलम पाण्याने न धुता थेट शंभर टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल सोडले. फॉस्फेट त्यात विरघळत नाही. क्षार आतच बसला, दाब चढला, पंप बंद पडला. कुणी पाहिले नव्हते.

"लिहू का मामू? प्रोबेशन आहे."

मी लगेच हो म्हणालो नाही, हे इथे कबूल करतो. आपाचा चेहरा डोळ्यांसमोर होता. चहा दोनदा गरम झाला. शेवटी तीच म्हणाली, दुसरा कुणी तोच कॉलम लावेल आणि त्याचाही हात नीट नाही म्हणतील.

रात्री आम्ही दोघांनी बसून रिपोर्ट लिहिला. आधी मराठीत, मग तिने इंग्रजीत. न विचारता केलेली चाचणी, चार इंजेक्शनांच्या वेळा, न धुतलेला कॉलम, सगळे. तो कॉलम आता कोमट पाण्याने अगदी हळू धुवून पाहणार म्हणाली.

आज सोमवार. चौथा तास संपला, तिचा फोन अजून आलेला नाही.