न आलेल्या निरोपाचा ट्रिगर

द्राक्षाच्या पानावर पाणी किती तास थांबलं, हा प्रश्न ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला झोपू देत नाही. पान बराच वेळ ओलं राहिलं आणि हवा डाऊनी या रोगाला मानवेल अशी असली, की त्याचे बीजाणू त्या पाण्याच्या पापुद्र्यातून पोहत पर्णरंध्रांपर्यंत पोचतात. पानावर तेलकट डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून बागेत पानाच्या आकाराची एक चपटी पट्टी टांगतात. तिच्यावर दव बसलं की तिचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि शेजारच्या डब्यातलं यंत्र तो बदल मोजून त्याचा आकडा सिमकार्डावरून धाडून देतं. तो पुढे कुठे जातो, कुणाला उठवतो आणि शेवटी बागायतदाराच्या फोनवर काय उमटतं, हे जुळवणं हा माझा धंदा. तो मी पुण्यात बसून करते.

आकड्याच्या प्रवासाची पद्धत एमक्यूटीटी. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी ती १९९९ साली आखली, तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी. उपग्रहावरून बोलणं महाग, म्हणून संदेशाचं डोकं दोन बाइटांत मावेल इतकं लहान ठेवलं. तेलवाल्यांची ती काटकसर आज द्राक्षबागेत, छोट्याशा सोलर पॅनेलवर जगणाऱ्या डब्याच्या कामी येते, याची मला अजूनही गंमत वाटते.

आमचे संदेश एडब्ल्यूएसच्या क्लाउडवरच्या आयओटी कोअर या सेवेच्या मुंबई विभागात उतरतात. तिथे एसक्यूएलसारख्या भाषेत नियम लिहायचा: अमुक टॉपिकवर आलेलं, अमुक अटीत बसणारं, तमुककडे पाठव. पलीकडच्या टोकाला लॅम्डा, बोलावलं की आपला प्रोग्राम चालवणारी एडब्ल्यूएसचीच सेवा. २०२० च्या डिसेंबरपासून लॅम्डावर कंटेनर इमेजही, म्हणजे सगळ्या सामानासकट बांधलेला प्रोग्राम, चालवता येते, १० जीबीपर्यंतची; आम्ही तीच चालवतो. संदेश येईपर्यंत काहीच चालू नसतं, त्यामुळे चालवण्याचं बिलही नसतं. वर्षातले काही महिनेच गजबजणाऱ्या द्राक्षाच्या कामाला हे फार सोयीचं.

जोडणी तासाभराची. एक परवानगी मात्र लागते: आयओटी कोअरने आपल्याला उठवायला हरकत नाही, असं लॅम्डाच्या बाजूने नोंदवावं लागतं. कन्सोलवरून नियम केला तर ती आपोआप लागते, कमांड लाइनवरून केला तर हाताने लावायची. ती नसेल, लॉग चालू केलेले नसतील आणि 'चुकल्यास कुठे टाकू' ही जागाही रिकामी असेल, तर संदेश नुसता गळून जातो. कुठे लाल अक्षर नाही, काही नाही. नव्या मुलामुलींना मी नियमाच्या आधी ती 'चुकल्यास'ची जागा भरायला लावते. थोडी कुरकुर होते, पण भरतात.

इथवरचं कुणालाही जमतं. पुढची अडचण अशी, की ट्रिगरला, म्हणजे कंटेनर उठवणाऱ्या खटक्याला, एवढंच कळतं: संदेश आला. बागेत ती गोष्ट केव्हा घडली, हे त्याच्या गावी नसतं. पोस्टाच्या पाकिटावर पोचल्याचा शिक्का एक असतो आणि आतल्या पत्राची तारीख वेगळी. आपल्याकडे तर या दोन्हींत दोन-दोन दिवसांचं अंतर पडतं. गावातली वीज जाते, टॉवर बसतो, डबा बिचारा आकडे साठवत राहतो आणि रेंज आली की सगळे एका दमात ओततो. 'ताई, परवा पहाटेचं दव तुम्ही आज दुपारी सांगता, आता औषध मारू का बाग विकू?' असं एका बागायतदाराने मला फोनवर विचारलं होतं. त्यांचा राग रास्त होता. पोचण्याची वेळ हीच घडण्याची वेळ धरून प्रोग्राम लिहिला, तर तो दुपारच्या कडक उन्हात पान ओलं असल्याचं छातीठोकपणे सांगतो.

म्हणून डब्याने आपली वेळ संदेशातच लिहायची आणि कंटेनरने तीच वाचायची. पण डब्याच्या घड्याळावर तरी किती भरवसा? त्याचा बटणसेल संपला की ते थेट १९७० च्या १ जानेवारीला जाऊन बसतं. तेव्हा दोन्ही वेळा ठेवायच्या, त्यांतलं अंतर बघायचं आणि न पटणारी नोंद हिशेबात न घेता बाजूला काढायची.

ओतण्याचा आणखी एक त्रास आहे. दोन दिवसांचे संदेश एकदम आले की लॅम्डा हौसेने तितके कंटेनर उभे करतं आणि सगळे एकाच वेळी एकाच बागेचे ओलाव्याचे तास मोजायला लागतात. पहाटे चारची नोंद पाचच्या नोंदीनंतर पोचते. बेरीज बिघडते. यावर मी नियमातून थेट लॅम्डाकडे जाणं सोडलं आणि मध्ये कायनेसिस ही संदेश रांगेत लावणारी सेवा घातली. डब्याचा क्रमांक विभाजनाची किल्ली म्हणून दिला, की एका डब्याचे संदेश एकाच रांगेत राहतात. ही सोय फुकट नाही. मूळ सेटिंगमध्ये एक सडका संदेश पूर्ण रांग अडवून ठेवतो, नोंदीची मुदत संपेपर्यंत, म्हणजे साधारण २४ तास. पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा याची मर्यादा घालणं आणि नापास संदेश वेगळे ठेवणं, ही दोन कामं मग टाळता येत नाहीत. तापमान दाखवण्यापुरता फलक करायचा असेल तर हे सगळं अवजड होईल. तिथे थेट लॅम्डाच बरं.

दुबार संदेशांचं तुलनेने सोपं आहे. एमक्यूटीटीत 'नक्की एकदाच' अशी पातळी आहे, पण आयओटी कोअर ती देत नाही. पोच मिळाली नाही की डबा पुन्हा पाठवतो. थेट बोलावलेल्या लॅम्डात चूक झाली तर तेही आणखी दोनदा प्रयत्न करतं, आधी मिनिटाने, मग दोन मिनिटांनी. प्रत्येक नोंदीला डब्याचा आणि मोजणीचा मिळून एक क्रमांक द्यायचा आणि 'हा आधी नसेल तरच लिही' या अटीवर डायनमोडीबी या डेटाबेसमध्ये टाकायचा. संपलं.

मला खरा विचार करायला लावला तो शांततेने. खर्च वाचवण्यासाठी नियमातच अट घालावी, पान ओलं असेल तरच कंटेनर उठव, असा मोह होतो. मी तो मोडून काढते. कोरडी नोंद कंटेनरपर्यंत गेलीच नाही, तर ओलावा संपला केव्हा हे त्याला कळणार कसं? आणि काहीच आलं नाही याचा अर्थ पान कोरडं आहे, की डब्याची तार उंदराने कुरतडली? ट्रिगर आलेल्या निरोपावर उठतो. न आलेल्यावर कुणीच उठत नाही. एमक्यूटीटीत यासाठी 'मृत्युपत्रा'ची सोय आहे: जोडणी अचानक तुटली की ब्रोकर, म्हणजे संदेशांची ने-आण करणारा मध्यस्थ, तुमच्या वतीने ठरलेला संदेश पाठवतो. पण आमचा डबा बॅटरी वाचवायला दर वेळी रीतसर निरोप घेऊन झोपतो, त्यामुळे मृत्युपत्र उघडलंच जात नाही. झोपलेला आणि मेलेला डबा पुण्यातून अगदी सारखा दिसतो.

मग दुसरा ट्रिगर लागतो, घड्याळावर चालणारा. तो एका वेगळ्या कंटेनरला उठवतो आणि कोणत्या बागेची शेवटची नोंद किती जुनी आहे ते बघायला लावतो. फोनवरच्या संदेशाची भाषाही आम्ही बदलली. 'फवारणी करा' असं आम्ही म्हणत नाही. 'पान सात तास ओलं, नोंद दहा मिनिटांपूर्वीची' किंवा 'कालपासून नोंद नाही, बागेत बघा', एवढंच. औषध कोणतं आणि केव्हा, हे बागायतदाराला आणि मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ओलाव्याचे तास मोजणारा भाग मी पाकीट उघडणाऱ्या, म्हणजे क्लाउडकडून आलेला संदेश वाचणाऱ्या, भागापासून अलग ठेवते. गूगलने आपलं आयओटी कोअर १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केलं, तेव्हा ज्यांचा हिशेब त्या पाकिटातच गुंतला होता त्यांना तो उसवत बसावं लागलं असणार. क्लाउड बदलला तर माझं पाकीट बदलेल, दवाचं गणित बदलायचं कारण नाही.

घड्याळाच्या ट्रिगरची वेळ मात्र ठरता ठरत नाही. छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीत तो दर पंधरा मिनिटांनी फिरतो. माल उतरला की मी तो दिवसातून दोनदावर आणते. खरड छाटणीनंतर वळवाचा पाऊस आला की तो पुन्हा घट्ट करावा, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे. या वर्षी एप्रिलमध्ये मोजक्या बागांवर करून बघणार आहोत.