एका दिवसाचा हिमालय

हिमालयात जाऊन आलो असे कुणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे उभी राहतात. एक चारधाम यात्रेचे आणि दुसरे पाठीवर बोजा, हातात बर्फाची कुऱ्हाड घेतलेल्या गिर्यारोहकाचे. या दोहोंच्या मधे एक तिसरा हिमालय आहे आणि तो तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच असावा असे मला वाटते. पहाटे निघावे, तीन-चार तास चढावे, समोरचे हिमशिखर मन भरेपर्यंत पाहावे आणि संध्याकाळच्या चहाला खाली यावे. शिखर गाठायचे नाही, फक्त त्याच्या समोर जाऊन उभे राहायचे. बिनसरचा झिरो पॉइंट, मुनस्यारीजवळचा खलिया टॉप, सारी गावावरचा देवरिया ताल, चोपत्याहून तुंगनाथ-चंद्रशिला, या सगळ्या अशाच एका दिवसाच्या वाटा आहेत.

आमचे जाणे ठरले ते नवनगरात. हुबळी आणि धारवाड या जोडशहरांच्या मधोमध असलेली ही वसाहत. माझी ताई डिचोलीहून लग्न होऊन तिकडे गेली, त्याला आता तीस वर्षे झाली. घरात मराठी, दारात कन्नड आणि माहेरचे कुणी आले की कोंकणी, असा तिचा संसार. भावोजी बँकेतून निवृत्त झालेले. एकदा तरी बर्फाचा डोंगर डोळ्यांनी पाहायचा हे त्यांचे जुने वेड. पण वय सहासष्ट, एक गुडघा कुरकुरणारा आणि ताईचा ठाम विरोध. ‘‘डोंगरच बघायचा तर आपला नृपतुंग बेट्ट काय वाईट आहे?’’ असे ती म्हणायची. शेवटी तिच्याच बोलण्याचा आधार घेऊन भावोजींनी दोन महिने रोज सकाळी उणकल तलावाजवळचा तो बेट्ट चढायला सुरुवात केली. तयारीचा डोंगर लहान होता, पण रोजचा होता. ताईचा विरोध हळूहळू मावळला आणि निघताना तीच लोकरी टोप्या घेऊन पुढे उभी.

आम्ही निवडले ते चोपता. ऋषिकेशहून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ करीत गाडी तिथवर जाते. चोपता सुमारे २,७०० मीटर उंचीवर, तुंगनाथचे देऊळ ३,६८० मीटरवर आणि त्याच्याही वर चंद्रशिलेचा माथा सुमारे ४,००० मीटर. आमच्या गोव्यातला सर्वांत उंच डोंगर म्हणजे सत्तरीतला सोसोगड. तो साडेअकराशे मीटरांच्या थोडा वर. म्हणजे आपला डोंगर जिथे संपतो त्याच्या दुपटीहून उंचावरून इथली चाल सुरू होते. ही उंची हलक्यात घेऊ नये. हवा विरळ असते, धाप लागते, डोके दुखते. घाईने चढू नये, पाणी पीत राहावे आणि त्रास वाढला तर मुकाट्याने खाली उतरावे. आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस गेलो. पावसाळा सरल्यावर आकाश धुतल्यासारखे स्वच्छ असते आणि देवळाचे दरवाजेही उघडे असतात. हिवाळ्यात देव खाली मक्कूमठला जातो.

चोपत्याहून तुंगनाथपर्यंतची चारेक किलोमीटरची वाट दगडांनी बांधून काढलेली आहे. दर वळणावर भावोजी थांबत आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. पहिला तासभर रान, मग उघडी कुरणे. पंचकेदारांतले हे सर्वांत उंचावरचे देऊळ आले तेव्हा ताईने पायऱ्यांवर बसकण मारली. पण चंद्रशिलेचा शेवटचा दीड किलोमीटर चढताना पुढे तीच होती.

माथ्यावर एक छोटेसे देऊळ आहे. त्याच्यापुढे गेलो आणि समोर चौखंबा होता. चार शिखरांचा, सर्वांत उंच टोक ७,१३८ मीटर. उजवीकडे दूर नंदादेवी आणि त्रिशूळ. भावोजी कितीतरी वेळ बोललेच नाहीत. ताईने हात जोडले. मला त्या क्षणी आठवला तो कालिदास. ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हिमालयाचे वैभव सांगताना त्याने बर्फाला दोष म्हटले आहे, इतक्या गुणांत तो एक दोष चंद्राच्या डागासारखा बुडून जातो, असे त्याचे म्हणणे. कवीच्या काळी ते खरेही असेल. आज त्या दोषावरच उत्तरेची तहान कितीतरी अवलंबून आहे.

कारण समोर दिसत होते ते नुसते पांढरे शिखर नव्हते. वर्षानुवर्षे साठलेला हिम स्वतःच्या भाराने दबतो, त्याचे घट्ट बर्फ होते आणि ते उतारावरून अगदी हळू वाहू लागते. तीच हिमनदी. चौखंब्याच्या उत्तरेच्या अंगाने गंगोत्रीची हिमनदी निघते आणि गोमुखाशी तिची भागीरथी होते. दुसऱ्या अंगाच्या सतोपंथ आणि भागीरथी खरक या हिमनद्यांतून अलकनंदा निघते. एकाच डोंगराच्या या दोन लेकी देवप्रयागला पुन्हा भेटतात आणि तिथून पुढे त्यांचे नाव गंगा.

गंगोत्रीची हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे, हे कळल्यावर भावोजींनी लगेच हिशेब मांडला. हुबळी ते धारवाड वीस किलोमीटर. म्हणजे हुबळीहून बसने निघावे, नवनगर मागे टाकून धारवाड गाठावे, परत नवनगरपर्यंत यावे, आणि एवढ्या सगळ्या वाटेवर खाली बर्फच बर्फ! हिमनदी म्हणजे काय ते मला पुस्तकांपेक्षा त्या बसच्या हिशेबाने अधिक कळले.

पण हे बर्फ मागे सरते आहे. गोमुखाच्या मोजणीच्या नोंदी १९३५ पासूनच्या आहेत आणि तेव्हापासून हिमनदीचे तोंड दीड किलोमीटरहून अधिक मागे गेले आहे. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेचा २०२३ चा अहवाल सांगतो, की हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या. गंगेचे बहुतेक पाणी पावसाचेच, हे खरे. पण पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत वरच्या खोऱ्यांना आधार असतो तो या वितळणाऱ्या बर्फाचा.

हे ऐकून ताई म्हणाली, ‘‘म्हणजे ही गच्चीवरची टाकीच म्हणायची.’’ तिच्या घरी नळाला रोज पाणी नसे. पाण्याचा दिवस ठरलेला. त्या दिवशी पिंपे, कळश्या, टाकी, सगळे भरून ठेवायचे. साठवणीचे मोल तिला कुणी शिकवायला नको होते.

आणि ते पाणी येते कुठून? मलप्रभेतून, सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणातून. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबीला, आपल्या गोव्याच्या हद्दीला लागून. त्याच परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेला वळतो आणि आमच्या म्हादईला मिळतो. मलप्रभा कूडलसंगमाला कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराकडे जाते, म्हादई मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात. चौखंब्याच्या लेकी देवप्रयागला भेटतात, सह्याद्रीच्या या दोघी कधीच भेटत नाहीत. भेटतो तो त्यांच्यावरचा वाद. लवादाने २०१८ साली गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी अशी वाटणी केली, तरी तो मिटलेला नाही. माहेर डिचोलीचे आणि नळ नवनगरचा, अशा माझ्या ताईने यात कुणाची बाजू घ्यावी?

आमच्या सह्याद्रीच्या माथ्यावर बर्फ नाही. पावसाचे पाणी धरून ठेवते ते तिथले रान आणि रानाखालची माती. तीच आमची टाकी. हिमनदी झिजताना निदान दुरून दिसते, मोजता येते. रानाखालची माती वाहून जाते तेव्हा कुणाला दिसतही नाही, उन्हाळ्यात झरा आटला की मगच कळते.

म्हणून, वाचकहो, जमेल त्याने एकदा तरी अशी एका दिवसाची वाट चालावी. पहाटे लवकर निघावे, कारण उशिरा ढग येतात आणि शिखरे झाकतात. फोटो काढावेत, नमस्कार करावा. आणि मग जरा वेळ बसून आपल्या घरच्या नळाचे पाणी कुठल्या डोंगरावरून येते तेही आठवून पाहावे. त्या डोंगरावरही एक दिवस चालून यावे. कणकुंबी पणजीहून काही फार लांब नाही.