सातपाटीची इंजिने

मुंबईकराला सातपाटी ठाऊक असते ती पापलेटपुरती. २०२३ साली रुपेरी पापलेटला महाराष्ट्राच्या राज्यमाशाचा मान मिळाला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी "आणि भाव?" एवढेच विचारले होते. त्या भावात डिझेलचा आणि इंजिनाचा वाटा मोठा असतो. तो पाहायचा तर सातपाटीला जावे, आणि तेही पावसाळ्यात!

डहाणूकडची लोकल धरून पालघरला उतरायचे, पश्चिमेकडून एस.टी. किंवा रिक्षा घ्यायची. शिरगावचा किल्ला मागे पडला की पुढची वाट नाकालाही सापडते. जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. मी गेलो तेव्हा जुलै संपत आला होता. होड्या ताडपत्र्या पांघरून खाडीकाठी बसल्या होत्या आणि जिकडे तिकडे हातोड्यांचे आवाज चालले होते.

एका होडीवर चेनपुलीला सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन लोंबकळत होते. अर्धे आयुष्य त्याने ट्रकमध्ये काढले होते. १९५०नंतरच्या दशकात सरकारी कर्जे मिळू लागली आणि शिडाच्या होड्यांत इंजिने आली. पुढे ट्रकच्या जातीची इंजिने दर्यात रुळली. कारण साधे आहे. रिंगा, लायनर, नोझल असे त्याचे सुटे भाग कुठल्याही हमरस्त्यावरच्या गावात मिळतात.

पण ट्रकला वारा लागतो, उतार लागतो. होडीचे इंजिन दिवसभर घाटच चढत असते! रेडिएटर काढून समुद्राच्या पाण्याने थंडावा द्यावा लागतो, आणि ट्रकच्या गिअरबॉक्सऐवजी पुढे-मागे जाणारा समुद्री गिअरबॉक्स लावावा लागतो. एवढे नाखव्याने केले होते. अडले होते धुराच्या पाइपावर.

"जुनाच पाइप जोड," नाखवा म्हणाला. "जाळी घ्यायची आहेत, सोसायटीचा हप्ता आहे. एक हंगाम निघू दे."

"दादा, तो पाइप आधीच्या लहान इंजिनाच्या मापाचा आहे," मिस्त्री म्हणाला. "याचा श्वास कोंडेल."

मग माझ्याकडे वळून त्याने सगळे उलगडून सांगितले. पाइप अरुंद असला की धूर मागे दाबला जातो. ताकद घटते, डिझेल जास्त जळते, काळा धूर येतो. भर ओझ्यावर हा धूर ४००-५०० अंशांपर्यंत तापतो. लाकडाशेजारून तसाच उघडा पाइप नेला तर लाकूड आधी वाळते, मग कोळपते, आणि एका रात्री पेट घेते. सांधा फुटला तर विषारी वायू खलाशी झोपतात तिथे भरतो. म्हणून पाइप आधी पाण्याच्या रेषेच्या बराच वर चढवायचा, मग बाहेर उतरवायचा. नाहीतर इंजिन बंद असताना मागून आलेली लाट थेट सिलिंडरात! चढ संपून उतार लागला की धुरातच पाणी सोडायचे. तिथून पुढे धूर इतका निवतो की रबरी नळीही चालते. पाणी चढाच्या अलीकडे सोडले तर मात्र तेच उलटे इंजिनात जाते.

शहरात जुन्या गाडीला नवे इंजिन बसवून सायलेन्सर आवाजासाठी बदलणारे हौशी मी पाहिले आहेत. इथे त्याच नळीवर सात-आठ घरांची चूल अवलंबून होती. माझे मत कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी मिस्त्रीच्या बाजूने पडलो असतो.

नाखवा बराच वेळ खाडीपलीकडच्या मुरब्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "जाळी यंदा निम्मीच घेऊ. रुंद पाइप आण."

तीन दिवसांनी भरतीला होडी तरंगली. इंजिन धडधडू लागले, मागच्या तोंडातून पाणी आणि पांढुरकी वाफ फुर्रकन बाहेर आली. वर कोणी नारळ फोडला. मिस्त्री मात्र खालीच होता. पाऊण तास इंजिन चालले तरी पाइपाशेजारच्या फळीवरचा त्याचा तळवा हलला नाही.

"कोमट आहे," तो वर येऊन म्हणाला आणि चहा मागवला.