पुसलेला दोन

मासिकाच्या कचेरीत अनुवाद तपासण्याचे काम मी काही वर्षे करीत आहे. शिक्षण बी. ए.पर्यंतचे, तेही वाङ्मय घेऊन. त्यामुळे शास्त्रीय लेख हाती आला की भाषा मी पाहावी आणि शास्त्र लेखकाने, अशी मनाशी वाटणी करून घेतलेली.

अशाच एका लेखात तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडविल्यावर काय घडते, ते सांगितले होते. तारेवर चांदीचे बारीक तंतू फुटू लागतात आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रावण हळूहळू निळे होते. खाली समीकरण होते : तांबे अधिक चांदीचे २ आयन, बाणापुढे तांब्याचा आयन अधिक '२ चांदी'. चांदी कोणी मोजीत नाही, तोलतात! 'दोन चांदी' हे मराठी नव्हे, म्हणून मी तो दोन पुसला. मग डावीकडचा एकटा पडला, म्हणून तोही. दोन्ही बाजूंस एक तांबे, एक चांदी. हिशेब जमल्याचे समाधानही वाटले.

अंक निघाल्यावर एका शिक्षकांचे पत्र आले. मुलांनी समीकरण वह्यांत उतरून घेतले होते. लेखावर नाव लेखकाचे होते, माझे नव्हते. तीच गोष्ट अधिक लागली.

घरी पुतणी रसायनशास्त्र शिकते. कागद पाहून तिने विचारले, "काका, अणू मोजलेत, प्रभार मोजलात का?" डावीकडे चांदीच्या आयनाचा धनप्रभार एक, उजवीकडे तांब्याच्या आयनाचा दोन. तिने दोन वेगळ्या ओळी लिहिल्या. तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, हे ऑक्सिडीकरण. चांदीचा आयन एकच घेतो, हे क्षपण. दिलेले आणि घेतलेले सारखे व्हावेत म्हणून दुसरी ओळ दुप्पट करावयाची, मग दोन्ही मिळवावयाच्या. जो मिळवितो त्याचे क्षपण कसे, ही माझी शब्दाची शंका. इलेक्ट्रॉन ऋण असतो, तो मिळाला की धनप्रभार घटतो, असे तिने सांगितले. शब्द योग्यच होता.

जस्त आणि मोरचुदाचे द्रावण घेतले, तर जस्त दोन देते आणि तांबे दोन घेते. तेथे आकड्याची गरजच नाही. अॅल्युमिनियम मात्र तीन देते. म्हणून त्याचे २ अणू आणि तांब्याचे ३ आयन; देवघेव सहा इलेक्ट्रॉनांची.

शेवटी तिने वजने मांडली. ६३.५ ग्रॅम तांबे विरघळले तर सुमारे २१६ ग्रॅम चांदी सुटते. मी त्यातील निम्मी पुसून टाकली होती.

लेखकांना त्याच रात्री क्षमापत्र लिहिले. पुढील अंकात शुद्धिपत्र दिले, तेव्हा '२ चांदी' पुन्हा खटकलेच. पण या वेळी तेथे 'चांदीचे २ अणू' असे छापले.