उतारावरचा गिअर

घाटात गाडी चालवणं ज्याच्या त्याच्या रक्तात असावं लागतं, असं मी बरीच वर्षं मानत आले. काहींची छाती असते, काहींची नसते, आपली नाही. माहेर चिपळूणचं, सासर कऱ्हाडचं, मध्ये कुंभार्ली घाट. कोयनानगरपर्यंत गाडी माझ्या हातात असायची आणि घाटमाथा जवळ आला की मी ती नवऱ्याच्या हवाली करायचे. आज माझं मत पार बदललं आहे. घाट उतरणं ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे कुणी शिकवत नाही.

दरी दिसली की माझे तळवे ओले व्हायचे. स्टिअरिंग आवळलं जायचं, पाय सतत ब्रेकवर. घरचे सगळे मायेनं सांगायचे, "घाबरू नकोस." एवढं ऐकून कुणाची भीती गेलेली मी तरी पाहिली नाही.

फरक पडला तो शेजारच्या काकांमुळे. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्यांची हयात गेली. ते बाजूला बसले आणि दरीचं नावही न काढता म्हणाले, "पोरी, ज्या गिअरात घाट चढतेस, त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक दाबायचा, वेग मोडायचा, सोडायचा. पाय ठेवून बसायचं नाही."

मी दुसरा गिअर टाकला. इंजिन घुमू लागलं आणि एरवी पुढे ओढणारी गाडी सावरून चालू लागली. त्यामागचं कारण कळलं, तेव्हा मन खऱ्या अर्थानं थाऱ्यावर आलं. कुंभार्ली उतरताना गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली येते. उतारावर तिला मिळणारा जोर कुठेतरी जिरवावा लागतो. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ते तापतात, जळका वास येतो आणि पुढे पुढे नीट लागेनासे होतात. खालच्या गिअरात त्यातला बराच भार इंजिन पेलतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं. त्यात इंजिनही बंद केलं, तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

बाकीच्या गोष्टी काकांनी वळणावळणावर दाखवल्या. नजर दरीवर ठेवायची नाही, वळण जिथे सुटतं तिथे ठेवायची. हात आपोआप तिकडे वळतात. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्यानं बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. कायदाही हेच सांगतो, कारण भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा हलवणं महाकठीण. धुक्यात दिव्यांचा झोत खाली ठेवायचा.

भीती गेली, असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात माथ्यावर धुकं दाटलं की आजही पोटात गोळा येतो. पण पूर्वी ती दरीची होती आणि दरीपुढे माझा इलाज नव्हता. आता लक्ष वेग, गिअर आणि ब्रेक यांवर असतं, आणि ते तिन्ही माझ्या ताब्यात आहेत.

गाडी शिकताना मला रिव्हर्स घेणं शिकवलं, आठचा आकडा काढायला लावला. लांब उतार कसा उतरायचा, हे कुणी सांगितलं नाही. सह्याद्री ओलांडल्याशिवाय ज्यांचं माहेर-सासर होत नाही, त्यांना तरी हे पहिल्याच महिन्यात शिकवायला हवं. तुमच्या घरातली एखादी घाटाला घाबरत असेल, तर तिच्याकडून किल्ली घेऊ नका. शेजारी बसा आणि तिला गिअर समजावून सांगा.